इंग्रजी शिक्षकांची अमेरिकन परिषद : पाठ्ययादीपासून भाषेच्या हक्कापर्यंत

एखाद्या व्यवसायातील लोक एकत्र येऊन संघटना स्थापन करतात, तेव्हा वेतन, नोकरीची शाश्वती किंवा व्यवसायाची प्रतिष्ठा यांचे रक्षण करणे हाच तिचा मुख्य हेतू असावा, असे सामान्यतः मानले जाते. शिक्षकांच्या बहुतेक संघटनांचा इतिहास या समजुतीला दुजोरा देणाराच आहे. इ. स. १९११ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश’ या परिषदेचा उगम मात्र एका शैक्षणिक वादात आहे. शाळेतील मुलांनी इंग्रजीची कोणती पुस्तके वाचावीत हे कोणी ठरवावे, महाविद्यालयांनी की शाळांनी, असा तो वाद होता. पुढे दोन-तीन दशकांतच त्याला दुसरे रूप प्राप्त झाले. इंग्रजीचा कोणता प्रयोग शुद्ध व कोणता अशुद्ध हे कोणी ठरवावे, व्याकरणकारांनी की ती भाषा बोलणाऱ्या समाजाने, हा प्रश्न परिषदेपुढे आला. वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी अधिकाराचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात परिषदेच्या इतिहासाचे विवेचन याच सूत्राच्या आधारे केले आहे.

१. प्रवेशपरीक्षेचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांत लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषांचे वर्चस्व होते. इंग्रजीला स्वतंत्र विषय म्हणून फारसे स्थान नव्हते. वक्तृत्व, व्याकरण, वाचन, शुद्धलेखन असे तिचे तुकडे अभ्यासक्रमात विखुरलेले असत. हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांना इंग्रजीत एक लहानसा निबंध लिहिणे आवश्यक केले आणि त्या निबंधाचे विषय ठराविक ग्रंथांतून घेतले जातील असे जाहीर केले. शेक्सपिअरची ‘द टेम्पेस्ट’, ‘ज्युलियस सीझर’ व ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके, गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ही कादंबरी आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही त्या पहिल्या यादीतील काही नावे होत. विद्यार्थ्याला शुद्ध व सुसंगत इंग्रजी लिहिता येते की नाही याची कसोटी पाहणे एवढाच या नियमाचा मूळ उद्देश होता. साहित्य हे केवळ निबंधासाठी सामग्री म्हणून योजले होते.

परिणाम मात्र अपेक्षेहून मोठा झाला. इतर महाविद्यालयांनी हार्वर्डचे अनुकरण केले. पण प्रत्येकाने आपली यादी वेगळी ठेवली. एकाच शाळेतील विद्यार्थी निरनिराळ्या महाविद्यालयांत जाऊ इच्छित असल्यामुळे शिक्षकांना एकाच वर्गात अनेक याद्या शिकवाव्या लागू लागल्या. या गोंधळावर तोडगा म्हणून १८९४ मध्ये एकरूप प्रवेश-अटी ठरविणारी एक राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. तिने सर्वांसाठी समान यादी केली आणि ग्रंथांचे दोन वर्ग पाडले : काही ग्रंथ सूक्ष्म अभ्यासासाठी व काही सामान्य वाचनासाठी. यापूर्वी, १८९२ मध्ये, हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ‘दहा जणांच्या समिती’ने माध्यमिक शिक्षणाची पाहणी सुरू केली होती. तिच्या शिफारशींमुळे इंग्रजी हा विषय माध्यमिक शाळेच्या चारही वर्षांत स्थिर झाला. १९०० मध्ये महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन झाले, तेव्हा या समान यादीला परीक्षेच्या यंत्रणेचे बळ मिळाले.

अशा रीतीने इंग्रजीला प्रतिष्ठा मिळाली. पण तिची किंमत शाळांना मोजावी लागली. त्या काळी माध्यमिक शाळांतील बहुसंख्य मुले महाविद्यालयात जातच नसत. शाळांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि परदेशांतून आलेल्या कामगारांची, शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले त्यांत दाखल होत होती. त्यांच्याही वर्गात मात्र प्रवेशपरीक्षेची यादीच शिकवली जाई, कारण थोड्या विद्यार्थ्यांसाठी निराळा वर्ग चालविणे शाळांना परवडत नसे. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये सुरू झाल्यानंतर आपल्याकडील माध्यमिक शाळांचे अध्यापन तिच्याभोवती कसे फिरू लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही.

२. शिकागो, १९११

या व्यवस्थेचे सर्वांत मार्मिक टीकाकार मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रेड न्यूटन स्कॉट हे होत. विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी शाळा व महाविद्यालये यांच्यातील संबंधांचे दोन प्रकार दाखवून दिले होते. पूर्वेकडील राज्यांतील परीक्षापद्धतीला त्यांनी सरंजामी म्हटले. तीत महाविद्यालय हा धनी व शाळा ही त्याची कुळे, अशी स्थिती असते. याउलट मिशिगनसारख्या राज्यांत विद्यापीठाचे अध्यापक शाळांना भेट देऊन त्यांच्या एकंदर कामाची पाहणी करीत व शाळेला मान्यता देत; मान्यताप्राप्त शाळेच्या विद्यार्थ्याला वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नसे. या दुसऱ्या पद्धतीला त्यांनी सेंद्रिय म्हटले, कारण तीत शाळा व विद्यापीठ ही एकाच शरीराचे अवयव म्हणून वागतात.

स्कॉट यांचे विचार शिक्षकांच्या असंतोषाला शब्दरूप देणारे ठरले. न्यूयॉर्क राज्यातील इंग्रजी शिक्षकांनी समान यादीविरुद्ध तक्रार मांडली. राष्ट्रीय शिक्षणसंघाच्या इंग्रजी विभागाने या प्रश्नासाठी एक समिती नेमली व तिची धुरा शिकागो येथील अध्यापक महाविद्यालयातील जेम्स फ्लेमिंग होसिक यांच्याकडे आली. स्वतंत्र राष्ट्रीय संघटनेवाचून या समितीच्या कामाला वजन येणार नाही, असे ठरल्यावर होसिक यांनी निमंत्रणे पाठविली. डिसेंबर १९११ च्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस शिकागोतील ग्रेट नॉर्दर्न हॉटेलात सुमारे ६५ शिक्षक जमले आणि परिषदेची स्थापना झाली. स्कॉट हे तिचे पहिले अध्यक्ष व होसिक हे चिटणीस झाले. संघटनेचे ‘कौन्सिल’ हे नावही अर्थपूर्ण होते. ठिकठिकाणच्या स्थानिक संघांनी आपले प्रतिनिधी पाठवावेत व त्यांच्या विचारविनिमयातून राष्ट्रीय धोरण ठरावे, अशी त्यामागील कल्पना होती.

जानेवारी १९१२ मध्ये परिषदेचे मुखपत्र ‘द इंग्लिश जर्नल’ सुरू झाले. त्याच्या पहिल्या अंकातील पहिलाच लेख कॅन्सस विद्यापीठाचे एडविन हॉपकिन्स यांचा आहे. सध्याच्या परिस्थितीत निबंधलेखनाचे चांगले अध्यापन होऊ शकेल काय, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला आणि लेखाच्या पहिल्याच शब्दाने त्याला नकारार्थी उत्तर दिले. इंग्रजीच्या शिक्षकाला किती विद्यार्थ्यांच्या वह्या तपासाव्या लागतात व त्यासाठी किती तास खर्ची पडतात, याचा हिशेब हॉपकिन्स यांनी अनेक वर्षे चालविला होता. विज्ञानाच्या प्रयोगशाळेला जशी साधने व वेळ लागतो तसाच तो लेखनाच्या अध्यापनालाही लागतो, हे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाच्या कामाचा बोजा आणि अध्यापनाची गुणवत्ता यांचा संबंध अशा रीतीने प्रथमपासूनच परिषदेच्या विचारात आला.

यादीविरुद्धच्या लढ्याचे फळ १९१७ मध्ये दिसले. परिषद व राष्ट्रीय शिक्षणसंघ यांच्या संयुक्त समितीने होसिक यांच्या संपादकत्वाखाली माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या पुनर्रचनेचा अहवाल तयार केला व तो सरकारच्या शिक्षणखात्याने प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेचे शिक्षण हे स्वयंपूर्ण असावे. महाविद्यालयाची पूर्वतयारी हा त्याचा एकमेव हेतू असू नये, असे या अहवालाचे प्रतिपादन होते. समान यादीची पकड पुढील दोन दशकांत क्रमाक्रमाने सैल होत गेली.

३. नियम आणि प्रयोग

पाठ्यपुस्तके कोणती हा प्रश्न सुटत आला, पण भाषा कोणती हा प्रश्न उरलाच. येथे परिषदेची भूमिका आरंभी द्विधा होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ‘शुद्ध भाषा सप्ताह’ साजरे करण्याची लाट आली. मुलांकडून शुद्ध बोलण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या जात आणि ‘अशुद्ध’ शब्दप्रयोगांच्या विरोधात मिरवणुका व नाटुकली होत. परिषदेच्या एका समितीनेही या चळवळीला उत्तेजन दिले. महाविद्यालयांच्या सत्तेविरुद्ध बंड करणारे शिक्षक वर्गातील मुलांच्या घरच्या बोलीवर मात्र तीच सत्ता गाजवीत होते.

या विसंगतीतून मार्ग निघाला तो भाषाशास्त्राच्या साहाय्याने. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टर्लिंग लेनर्ड यांनी वादग्रस्त ठरलेले २३० प्रयोग निवडले व ते भाषाशास्त्रज्ञ, कोशकार, लेखक, संपादक, व्यावसायिक आणि शिक्षक अशा भिन्न गटांकडे मतासाठी पाठविले. ‘इट इज आय’ ऐवजी ‘इट इज मी’ म्हणणे, किंवा ‘हूम’च्या जागी ‘हू’ वापरणे, यांसारखे प्रयोग त्यांत होते. हे काम लेनर्ड यांच्या अकाली निधनानंतर, १९३२ मध्ये, परिषदेने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तके ज्यांना सरसकट चूक म्हणत होती अशा अनेक प्रयोगांना सुशिक्षित परीक्षकांनी मान्यता दिल्याचे त्यावरून दिसून आले.

लेनर्ड यांच्या पद्धतीत एक उणीव होती. लोक भाषेविषयी काय मत देतात आणि प्रत्यक्षात ती कशी वापरतात, या दोन भिन्न गोष्टी आहेत. लेनर्ड यांनी पहिलीच मोजली होती. १९३८ मध्ये अल्बर्ट मार्कवर्ट व फ्रेड वॉल्कॉट यांनी त्याच प्रयोगांची कोशांत व ग्रंथांत नोंदलेल्या प्रत्यक्ष वापराशी पडताळणी केली. परीक्षकांनी शंकास्पद ठरविलेले पुष्कळसे प्रयोग मान्यवर लेखकांच्या लेखनात आधीपासूनच रूढ असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे सुशिक्षितांचे मत त्यांच्याच आचरणाच्या मागे राहिले होते.

यापुढचे पाऊल चार्ल्स फ्राइज यांचे. तेही मिशिगनचेच प्राध्यापक असून परिषदेचे अध्यक्षही होऊन गेले होते. सामान्य नागरिकांनी सरकारी खात्याला लिहिलेली सुमारे ३००० पत्रे त्यांनी अभ्यासासाठी मिळविली. पत्रलेखकांचे शिक्षण व व्यवसाय यांच्याविषयी स्वतंत्र माहिती उपलब्ध असल्यामुळे भाषेवरून माणसाची पातळी ठरविण्याऐवजी माणसाच्या सामाजिक स्थानावरून भाषेचे गट पाडता आले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अमेरिकन इंग्लिश ग्रामर’ या ग्रंथातील एक निष्कर्ष शिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. अल्पशिक्षितांच्या लेखनातील व्याकरणदृष्ट्या वेगळी रूपे संख्येने मर्यादितच होती. खरा फरक होता तो साधनसंपत्तीचा : त्यांचे शब्द थोडे, वाक्ये जोडण्याचे मार्ग थोडे व रचनेचे प्रकारही थोडे. वर्गातील वेळ ठराविक ‘चुका’ निपटण्यात खर्च करण्यापेक्षा विद्यार्थ्याची भाषिक साधने वाढविण्यात खर्च करावा, हा याचा सरळ अर्थ होता.

परिषदेच्या अभ्यासक्रम मंडळाने डोरा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या संशोधनाचे सार पाच तत्त्वांच्या रूपाने आले आहे. भाषा सतत बदलते. बदल हा तिचा स्वाभाविक धर्म आहे. बोलणे हेच भाषेचे मूळ रूप आहे. शुद्धता ही प्रयोगावर अवलंबून असते. आणि प्रत्येक प्रयोगाची योग्यता प्रसंगसापेक्ष असते. वर्णनात्मक भाषाशास्त्राची ही प्राथमिक तत्त्वे होत. परंतु शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती अधिकृतपणे स्वीकारणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, आणि वृत्तपत्रांतून त्यावर टीकाही झाली. शुद्धाशुद्धाचा विवेकच नष्ट केला जात आहे असा आरोप करणाऱ्यांनी पाचव्या तत्त्वाकडे दुर्लक्ष केले. प्रसंगसापेक्षता मान्य करणे म्हणजे कोणत्याही प्रसंगी काहीही चालते असे मानणे नव्हे. उलट त्यासाठी प्रसंगाचे अधिक सूक्ष्म भान लागते.

४. विस्तार, विभागणी आणि राष्ट्रहित

या काळात परिषदेची रचनाही बदलली. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ‘कॉलेज इंग्लिश’ हे नियतकालिक १९३९ मध्ये स्वतंत्र झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांना शासकीय साहाय्य मिळाल्यामुळे महाविद्यालये विद्यार्थ्यांनी भरून गेली व पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाचे वर्ग हा मोठा प्रश्न झाला. तो हाताळण्यासाठी १९४९ मध्ये परिषदेच्या अंतर्गत निबंधलेखन व संज्ञापन यांच्या अध्यापकांची निराळी शाखा स्थापन झाली. पुढे १९७४ च्या प्रकरणात याच शाखेने पुढाकार घेतला.

१९५७ मध्ये रशियाने कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकन संसदेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत केला. विज्ञान, गणित व परकीय भाषा यांना त्यातून मोठे साहाय्य मिळाले. इंग्रजीला मात्र त्यातून वगळले होते. जेम्स स्क्वायर हे कार्यकारी चिटणीस असताना परिषदेने १९६१ मध्ये इंग्रजीचे अध्यापन हा राष्ट्रहिताचा विषय कसा आहे हे मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षकांची अपुरी तयारी व शाळांतील अपुरी साधने यांचे सविस्तर चित्र त्यात होते. १९६४ मध्ये कायद्याची व्याप्ती वाढवून त्यात इंग्रजीचा समावेश करण्यात आला. या यशाचे मोल मोठे असले तरी एक गोष्ट नोंदविली पाहिजे : महाविद्यालयांच्या गरजांवरून शाळेचा अभ्यासक्रम ठरवू नये असे म्हणणाऱ्या परिषदेला निधीसाठी आता राष्ट्राच्या संरक्षणाच्या गरजांची भाषा बोलावी लागली.

१९६६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय आहे. त्या वर्षी डार्टमथ महाविद्यालयात अमेरिकन व ब्रिटिश इंग्रजी-अध्यापकांचा दीर्घ परिसंवाद झाला. अमेरिकन बाजू बहुधा विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी शोधीत होती, तर जेम्स ब्रिटन, जॉन डिक्सन प्रभृती ब्रिटिश अध्यापकांनी मुलाच्या अनुभवाचा व भाषेद्वारा होणाऱ्या त्याच्या वाढीचा आग्रह धरला. दुसरी घटना म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना ती शिकविणाऱ्यांची ‘टीसॉल’ ही स्वतंत्र संघटना. टक्सन, सॅन डिएगो व न्यूयॉर्क येथे १९६४ ते १९६६ या काळात भरलेल्या संमेलनांतून ती उदयास आली. तिच्या पुरस्कर्त्या पाच संस्थांपैकी प्रस्तुत परिषद ही एक होती, आणि परिषदेचे माजी अध्यक्ष हॅरॉल्ड ॲलन हेच नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. मातृभाषा म्हणून इंग्रजी शिकविणे व परभाषा म्हणून शिकविणे ही दोन भिन्न शास्त्रे आहेत, याची ही व्यावसायिक मान्यता होती.

५. १९७४ चा ठराव

नागरी हक्कांच्या चळवळीमुळे भाषेचा प्रश्न वर्गाबाहेर आला. काळ्या वर्णाच्या अमेरिकनांची इंग्रजी ही मोडकी भाषा नसून तिला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे, हे विल्यम लबोव्ह व इतरांच्या संशोधनाने १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. परिषदेच्या महाविद्यालयीन शाखेच्या कार्यकारिणीने १९७२ मध्ये विद्यार्थ्याचा स्वतःच्या भाषेवरील हक्क मान्य करणारा ठराव केला व एप्रिल १९७४ मध्ये सभासदांनी तो बहुमताने स्वीकारला. घरात व समाजात आत्मसात केलेली बोली वापरण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे, आणि अध्यापकांना भाषिक विविधतेचे ज्ञान देणारे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय होता. मूळ परिषदेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतःचा ठराव केला, तेव्हा विद्यार्थ्याचा हक्क मान्य करतानाच लिखित प्रमाण इंग्रजीचे संकेत शिकविण्याचे शिक्षकाचे कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले. दोन ठरावांतील हे अंतर म्हणजे केवळ शब्दांचा भेद नव्हता.

विरोध दोन दिशांनी आला व त्या दोहोंत भेद करणे अवश्य आहे. परंपरावाद्यांना भाषेच्या अधोगतीची भीती होती. काळ्या समाजातील अनेकांची शंका निराळी होती. त्यांच्या प्रमुख हक्कसंघटनेच्या ‘द क्रायसिस’ या मासिकाने १९७१ मध्येच काळ्यांची इंग्रजी महाविद्यालयात शिकविण्याच्या कल्पनेवर कठोर टीका केली होती. प्रमाणभाषा ही नोकरी, न्यायालय व शासन यांची दारे उघडते. ती शिकविण्यात शिक्षक मागे राहिले तर हानी त्याच मुलांची होणार, हे त्यामागील तर्कशास्त्र होते. हा आक्षेप दुराग्रहाचा नव्हता आणि भाषाशास्त्राच्या साध्या उत्तराने तो मिटण्यासारखाही नव्हता. सर्व बोली रचनेच्या दृष्टीने समान आहेत, हे भाषाशास्त्र सांगू शकते. समाजात त्यांना समान किंमत मिळेल, अशी हमी ते देऊ शकत नाही.

१९७९ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथील खटल्यात संघराज्य न्यायालयाने या गुंत्यातून व्यवहार्य वाट दाखविली. मुलांची बोली हा त्यांच्या वाचनातील अडथळा नसून त्या बोलीविषयीचे शिक्षकांचे अज्ञान हा अडथळा ठरतो, अशा दिशेने न्यायालयाने विचार केला. प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवताना मुलांच्या घरच्या भाषेची जाण शिक्षकांना असावी यासाठी उपाययोजना करण्याचा आदेश शाळामंडळाला देण्यात आला. या खटल्यात मुलांच्या बाजूने भाषाशास्त्रीय पुरावा उभा करण्याचे काम प्रामुख्याने जिनिव्हा स्मिदरमन यांनी केले. १९७४ च्या ठरावाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. महाविद्यालयीन शाखेने तो ठराव २००३ मध्ये पुन्हा उचलून धरला.

६. समारोप

१९९६ मध्ये परिषदेने आंतरराष्ट्रीय वाचनसंघाच्या सहकार्याने इंग्रजीच्या अध्यापनाची १२ राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. त्याआधी, १९९४ मध्ये, या प्रकल्पाचे शासकीय साहाय्य थांबविण्यात आले होते. मसुदा पुरेसा नेमका नाही असा शासनाचा आक्षेप होता. आठ दशकांपूर्वी बाहेरून आलेली यादी नाकारणाऱ्या परिषदेने सक्तीची नवी यादी करण्याचे टाळले व व्यापक उद्दिष्टे मांडली. त्याबद्दल तिच्यावर मोघमपणाचा ठपका आला. शिक्षकाला स्वातंत्र्य द्यावयाचे व समाजाला हिशेबही द्यावयाचा, यांतील ताण या प्रसंगी उघड झाला.

या इतिहासातून भाषेच्या अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, शिक्षकांच्या संघटनेला आपली भूमिका बदलता आली ती संशोधनाच्या बळावर. लेनर्ड, मार्कवर्ट व फ्राइज यांनी गोळा केलेली सामग्री नसती तर शुद्धतेविषयीचा वाद केवळ अभिरुचीचा राहिला असता. दुसरी ही की, संशोधनाने अधिकाराचा प्रश्न संपत नाही. कोणता प्रयोग रूढ आहे हे मोजता येते. वर्गात कोणता शिकवावा हे ठरविताना मात्र मुलाचे भवितव्य, त्याच्या घरचा मान व समाजाची विषम रचना या तिन्हींचा विचार करावा लागतो. परिषदेचे १९७४ चे दोन ठराव शेजारी ठेवून वाचले असता हा विचार किती कठीण आहे, हे दिसून येते. ज्या भाषांच्या अध्यापनात प्रमाण व बोली यांचा प्रश्न अद्याप उभा आहे, त्यांच्या अभ्यासकांनी त्या दोन्ही ठरावांचा साक्षेपाने अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.